तात्यांना सांगलीला दाखवून आणलं

आमच्या तात्यांची एक खोड आहे. डॉक्टरसमोर बसले की त्यांना काहीही होत नाही.

घरी होतं. फाटकापासून दारापर्यंत पंधरा पावलं आहेत, त्यात ते दोनदा बसतात. संध्याकाळी पाय असे सुजतात की अंगठा दाबला तर खळगा पडतो, आणि माझा कपभर चहा पिऊन होईपर्यंत तो खळगा तिथेच असतो. पण वडूजच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "काय होतंय, तात्या?" असं विचारायचा अवकाश, तात्या फेटा सारखा करतात आणि म्हणतात, "मला? मला काय हुतंय? ब्येस हाय. तुमच्या आईचं गुडघं काय म्हणत्यात?" मग डॉक्टर पाच मिनिटं आपल्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतात, तात्या हुं हुं करत ऐकतात, आणि आम्ही ताकदीच्या गोळ्या घेऊन परत येतो. असं एक नाही, तीन डॉक्टरांकडे झालं. तिसऱ्याने तर "या वयात अशी तब्येत!" म्हणून तात्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. तो फोटो त्यांच्या दवाखान्यात लावलेला आहे. त्यात तात्यांचे पाय आलेले नाहीत.

तात्यांचं नाव आकाराम. साठ वर्षं मेंढरांमागे चाललेला माणूस. आता आठच मेंढरं उरली आहेत, तीही चुलतभावाकडे. पण परक्या माणसासमोर आपल्या दुखण्याचं गाऱ्हाणं मांडणं म्हणजे त्यांच्या मते पाहुण्याच्या घरी जाऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. त्यात डॉक्टर म्हणजे शिकलेला माणूस. त्याला कशाला तोशीस?

मी त्यांचा मुलगा हंबीरराव. वडूजच्या एका हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं क्लार्क आहे. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. या अठ्ठावीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे. जगातलं कोणतंही काम अडतं ते प्रकरण नीट सादर न केल्यामुळे. तात्यांचंही तेच झालं होतं. दुखणं होतं, डॉक्टर होते, मधला कागद नव्हता.

स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलायचं तर त्या दिवसांत मी जरा फॉर्मात होतो. गणपतीपासून माझं वजन झपाट्याने उतरत होतं. पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडून घेतली होती. शिक्षकांच्या खोलीत सगळे रहस्य विचारायचे, आणि मी सांगायचो: पाणी. कोमट पाणी. सकाळी उठल्यावर तांब्याभर, शाळेत दर तासाला बाटलीभर. गणिताच्या सरांनी तर माझं बघून सुरू केलं होतं, पण त्यांचं वजन काही हलेना. मी त्यांना म्हटलं, "सर, मनापासून प्या." असो. ते प्रकरण वेगळं.

सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉ. अपेक्षा खराडे नावाच्या एमडी बाई आहेत, हृदयाचं वगैरे सगळं बघतात, असं आमचे शेजारी रहिमानभाई यांनी सांगितलं. मी फोन लावला. पंधरा दिवसांनी गुरुवारी अकराची वेळ मिळाली. फोनवरच्या मुलीने बजावलं, "एका पेशंटला सात मिनिटं असतात सर. आधीचे रिपोर्ट आणि चालू असलेली सगळी औषधं घेऊन या."

सात मिनिटं! त्यातली पाच तात्या खराडेबाईंच्या आईची चौकशी करण्यात घालवणार. म्हणजे माझ्या हातात दोन.

पण आधी तात्यांनी यायला तर हवं. मी रोज विषय काढायचो आणि ते रोज "बगू" म्हणायचे. आणि मग एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तात्या ओट्यावर बसून माझ्याकडे एकटक बघत होते. मी टॉवेल गुंडाळला, उरलेलं पाणी गटागट प्यायलो. तात्या म्हणाले, "हंबीर, त्या सांगलीच्या बाईकडं कवा जायचं म्हनलास?"

"गुरुवारी."

"जाऊया चल."

मी राणीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, "बघ. पाठपुरावा म्हणतात तो हा."

तयारी सुरू झाली. मी दोन पानी टिपण लिहिलं. विषय, संदर्भ, पार्श्वभूमी, सद्यःस्थिती. माझी मुलगी प्रांजल बारावीला आहे. तिने ते वाचलं आणि विचारलं, "पप्पा, यात आजोबांना काय होतंय ते कुठे आहे?" मी म्हटलं, "पान दोन, परिच्छेद चार." तिने पान एक काढून टाकलं. मग परिच्छेद एक ते तीन. शेवटी दहा ओळी उरल्या. अधिकाऱ्यांनी माझी टिपणं कापलेली मी सहन केली आहेत, पण ते निदान परत सादर करायला सांगत.

अशा वेळी शेजारी स्वस्थ बसतील तर ते वडूज कसलं? रहिमानभाईंचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे, आणि हृदयात दोन नळ्या बसवलेल्या असल्यामुळे आमच्या आळीत दवाखान्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "भाऊसाहेब, पहिली गोष्ट, तात्यांना इस्त्रीचं धोतर नेसवू नका. फेटा तर नाहीच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या बायकोनं, शाहजादीनं, मला ईदचा कुर्ता घालून पाठवलं. डॉक्टर म्हणाले, छान आहात, या. दुसऱ्यांदा दाढी वाढवून गेलो, तर लगेच ॲडमिट!"

पलीकडच्या घरातले कोंडीबा सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. त्यांना हे पटलं नाही. "ड्रेसनं काय हुतंय? रिपोर्ट नीट पायजे. एमआय रूममंदी, म्हंजी पलटणीच्या दवाखान्यात, आमी तीनच लाइन बोलायचो. नाव. तरास. कवापासनं. बास! चौथी लाइन बोललं की डॉक्टर म्हणायचा, जवान, बहाना करतोय." आणि तिथल्या तिथे त्यांनी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं.

आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून कोंडीबा डॉक्टर झाले. राणीची गॉगलची डबी हातात धरली, ते त्यांचं यंत्र. समोर तात्या.

"बोला. नाव?"

"आरं, कोंडीबा, तुला म्हाईत न्हाई व्हय माझं नाव?"

"मी डॉक्टर हाय आता. नाव?"

"आकाराम."

"तरास?"

तात्यांनी कोंडीबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "तू खुर्चीत बसताना डाव्या अंगावर का बसतुस रं? परवाबी बगितलं. हातबी असा मांडीवर दाबून धरतुस."

 कोंडीबांनी गॉगलची डबी बाजूला ठेवली. "तात्या," ते हळू आवाजात म्हणाले, "हर्निया हाय. दोन वर्सं झाली. घरात कुणाला बोललो न्हाई." पुढची पंधरा मिनिटं डॉक्टर पेशंटला आपलं दुखणं सांगत होते आणि पेशंट डॉक्टरला ऑपरेशन करून घे म्हणून समजावत होता. दुसऱ्या दिवशीची तालीम रहिमानभाईंनी घेतली. तिचंही तसंच झालं. तात्यांनी त्यांना विचारलं, "रहिमान, चालता चालता तू दुकानाच्या पाट्या कशापायी वाचत थांबतुस? तुला तर पाठ हायत." रहिमानभाईंनी घरी जाऊन आपल्या जुन्या डॉक्टरांना फोन केला.

तिसऱ्या दिवशी तालमीला कुणी आलं नाही.

गुरुवारी सकाळी सहाची एसटी धरली. मायणी, विटा, तासगाव करत सांगली. तात्यांनी कुणाचंही न ऐकता इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि फेटा बांधला होता. माझ्या मांडीवर फाईल, फाईलमध्ये टिपणाच्या तीन प्रती. पिशवीत ताकदीच्या गोळ्यांच्या सगळ्या बाटल्या, आणि माझ्या पाण्याच्या दोन. विट्याला गाडी दहा मिनिटं थांबली. मी बाहेर जाऊन आलो, आणि येतोय तोवर पुन्हा जावंसं वाटलं, म्हणून परत गेलो. इकडे कंडक्टरने घंटी मारली. मी धावत आलो तर तात्या गाडीच्या पायरीवर उभे होते, एक पाय आत, एक खाली. कंडक्टर ओरडत होता, "आजोबा, आत व्हा नाहीतर उतरा!" तात्या शांतपणे म्हणत होते, "पोरगं यायचंय माझं." बावन्न वर्षांचं पोरगं चढलं. पूर्ण गाडीने त्याच्याकडे बघितलं.

दवाखान्याच्या काउंटरवर एक मुलगी संगणकापुढे बसली होती. मी नाव सांगितलं.

"हंबीरराव, वय बावन्न. पेशंट तुम्हीच ना?"

"नाही. पेशंट माझे वडील. हे."

"पण अपॉइंटमेंट तुमच्या नावावर आहे."

मला आठवलं. फोनवर तिने "नाव काय?" विचारलं होतं. मी माझं सांगितलं. वय विचारलं, माझं सांगितलं. कुणीही सांगेल! अर्जदाराचं नाव आणि लाभार्थीचं नाव असे दोन रकाने असायला हवेत, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाव बदलता येत नाही सर. नवीन नोंदणी करावी लागेल. त्याला पुढची तारीख मिळेल. सतरा तारीख."

"आम्ही वडूजहून आलोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मार्च महिन्यात दाखल्यासाठी आलेल्या पालकांकडे मी बरोबर असाच बघतो. त्या चेहऱ्यापुढे काही चालत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी मान खाली घातली. तिलाच माझी दया आली असावी. "असं करा," ती म्हणाली, "तुमच्या नावानेच आत जा. मॅडमना सांगा. मॅडम बघतील वडिलांना."

मग एका सिस्टरने नाव पुकारलं आणि मला वजनकाट्यावर उभं केलं. मी म्हटलं, "सिस्टर, पेशंट ते आहेत." ती म्हणाली, "फाईलवर ज्याचं नाव, त्याचं वजन." या तत्त्वाशी माझा वाद असूच शकत नव्हता. काटा पासष्टवर थांबला. मी सहज म्हणून तिला सांगितलं, "गणपतीत अठ्ठ्याहत्तर होतं." सिस्टरने वर बघितलं. "डाएट का?"

"कोमट पाणी," मी म्हणालो.

तात्या बाकावर बसून हे सगळं फार समाधानाने बघत होते. मला वाटलं, नवीन जागा आहे, रमले असतील.

अकराची वेळ म्हणजे अकराला आत जायचं असा माझा समज होता. साडेबारा वाजले. बाकावर माझ्या शेजारी कुपवाडच्या कारखान्यातले एक गृहस्थ होते, त्यांनाही अकराचीच वेळ दिलेली होती. माझं डोकं दुखायला लागलं. मी कपाळ दाबत बसलेला बघून तात्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारी बाजूला सारली, आणि आतून एक पाकीट काढून त्यातली एक लाल गोळी माझ्यासमोर धरली. "घे. पान्यासंगं घे. लगीच उतरतंय."

"ही कसली?"

"गुडघ्याची. पर कशावरबी चालती."

"कुणी दिली?"

"स्टँडाजवळच्या दुकानात मिळती की. दिसाला तीन घेतो. कवा चार."

"कधीपासून?"

"बेंदरापासनं."

बेंदूर म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा बैलांचा सण. आता संक्रांत होऊन गेली होती. सात महिने! तीन डॉक्टर, ताकदीच्या गोळ्यांच्या नऊ बाटल्या, आणि दहा ओळींचं टिपण. त्या टिपणात या लाल गोळीचा उल्लेख नव्हता. घरात कुणाला पत्ता नव्हता. मी विचारलं, "तात्या, डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी कुठं इच्यारलं?"

सव्वा वाजता आमचं, म्हणजे माझं, नाव आलं.

डॉक्टर खराडे चाळिशीच्या आतल्या, चष्मा डोक्यावर सारलेला, समोर निम्मा राहिलेला चहा. "या, बसा. हंबीरराव कोण?"

मी फाईल उघडली, घसा साफ केला. "मॅडम, त्याचं असं झालं, सदर नोंदणी करताना…"

"ह्यो," तात्या म्हणाले.

ते बसले नव्हते. खुर्चीच्या पाठीला धरून ताठ उभे होते, आणि कोंडीबांनी शिकवलं होतं अगदी तसे, समोर बघून बोलत होते. "नाव हंबीरराव. तरास, पानी पितुया. चार-चार तांबं पितुया नि लगीच भायेर पळतुया. जेवतुया माझ्या दुप्पट नि वाळत चाललाय. कवापासनं, तर गौरी-गणपतीपासनं. बास."

"तात्या!" मी म्हणालो. "मॅडम, यांचा गैरसमज होतोय. मी जाणीवपूर्वक पाणी…"

डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं. त्या तात्यांकडे बघत होत्या. "अजून काही, आजोबा?"

"हाय. मुंग्या."

"कुठे?"

"मोरीत. ह्यो जाऊन आला की मागनं रांग लागती. आदी न्हवती."

माणसाच्या आयुष्यात असे काही क्षण येतात की तेव्हा समोर टेबल असलं तरी त्याखाली जाता येत नाही. आमच्या मोरीत मुंग्या होत होत्या हे खरं. त्या मुंग्यांवरून मी दोन महिने राणीला बोलत होतो. गूळ सांडतेस म्हणत होतो. स्वतः खडूच्या रेघा मारत होतो. आता एका परक्या, शिकलेल्या बाईंसमोर त्या मुंग्यांचा उगम जाहीर झाला होता, आणि दाराशी उभी असलेली सिस्टर गालातल्या गालात हसत होती.

"आजोबा, तुमच्या लक्षात कसं आलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाई, मेंढरू बोलत न्हाई. कोण मागं राहतंय, कोण पान्यावरनं तोंड काढत न्हाई, कुणाची लोकर खरखरीत झाली, ह्ये आपुनच बगायचं. बोलणाऱ्याचं अवघड असतंय. ह्यो लय बोलतुया, पर कामाचं कायबी बोलत न्हाई."

डॉक्टरांनी सिस्टरला खूण केली. माझ्या बोटाला टोचलं. छोट्या यंत्रावर आकडे पाचपासून उलटे मोजले गेले. मी मनात हिशेब करत होतो की माझ्या सात मिनिटांतली किती गेली. मग यंत्र वाजलं.

"तीनशे चौऱ्याऐंशी," सिस्टर म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती.

"हंबीरराव," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला मधुमेह आहे. चांगलाच वाढलेला आहे. इतके महिने वजन उतरत होतं, तुम्हाला काय वाटत होतं?"

 माझ्या डोळ्यांसमोर गणिताचे सर आले. बाटली तोंडाला लावलेले.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, गोळ्या लिहिल्या, काय खायचं काय नाही सांगितलं, पायाला जखम होऊ देऊ नका म्हणाल्या. मी मान हलवत होतो, पण कानात काही शिरत नव्हतं. शाळेत मुलांच्या आरोग्यतपासणीच्या फॉर्मवर "वडील मधुमेही आहेत का" असा रकाना असतो, तो मी शेकडो वेळा "नाही" असा भरून दिला आहे, एवढंच आठवत राहिलं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?  तात्यांनी माझा हात केव्हा धरला ते कळलं नाही.

"ठीक आहे. दहा दिवसांनी रिपोर्ट घेऊन या," असं म्हणून डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. सिस्टरने दार उघडलं. बाहेरचे कुपवाडचे गृहस्थ अर्धे उभे राहिले होते.

तात्या म्हणाले, "चला. झालं काम. बाई, लय उपकार झाले तुमचं. आई बरी हाय न्हवं?"

आणि ते निघाले! मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. इस्त्रीचं धोतर, फेटा, ताठ चाल. चौथ्या डॉक्टरकडूनही हा माणूस ठणठणीत होऊन बाहेर पडत होता. हातात फाईल होती, फाईलमध्ये दहा ओळी होत्या, आणि त्यांतली एकही मला आठवेना.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "माझं राहू द्या. यांचे पाय बघा."

मी तिथेच जमिनीवर बसलो. तात्या "आरं, काय करतुस" म्हणत होते तोवर मी त्यांचं धोतर वर सरकवलं, घोट्याच्या वर अंगठा ठेवला आणि दाबला. उचलला. खळगा तसाच राहिला. तो मी, डॉक्टर, सिस्टर आणि दारातले कुपवाडचे गृहस्थ, आम्ही सगळ्यांनी बघितला.

डॉक्टर खुर्चीतून उठून आल्या आणि माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. "कधीपासून?"

"कुठं काय," तात्या म्हणाले. "चालल्यावर येतंयच."

"दिवाळीपासून," मी म्हणालो. "पंधरा पावलांत दोनदा बसतात. आडवं झालं की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकून झोपतात. विचारलं की म्हणतात, भिंत गार लागती, बरं वाटतं. आणि कंबरेला चंची आहे, तीत लाल गोळ्या आहेत. रोज तीन ते चार. बेंदरापासून."

"चुगली करतुस व्हय रं?" तात्या खवळले.

"तुम्ही नाही केली?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरसमोर खाली मान घालून म्हणाले, "तसं व्हय. जरा दम लागतुया."

सिस्टरने दार लावून घेतलं.

त्या सात मिनिटांची चाळीस झाली. डॉक्टरांनी तात्यांना झोपवून, बसवून, पाठीला नळी लावून तपासलं. छातीची पट्टी काढली. सोनोग्राफीसारखं हृदयाचं चित्र असतं ते काढायला खालच्या मजल्यावर पाठवलं. या सगळ्यासाठी तात्यांच्या नावाची फाईल लागणार होती, म्हणून डॉक्टरांनी स्वतः काउंटरला फोन केला, आणि जी नवीन नोंदणी सतरा तारखेशिवाय होत नव्हती ती दीड मिनिटात झाली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. वरून फोन आला की आमच्याकडेही होते.

चार वाजता डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. तात्यांचं हृदय थोडं थकलं आहे, अंगात पाणी साठतंय, आणि त्या लाल गोळ्यांनी त्यात भर घातली. गोळ्या आजपासून बंद, मीठ कमी, पाणी उतरायची औषधं सुरू. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी दोघांनी एकत्रच या. एकेकटे आलात तर मला काही कळणार नाही."

बाहेर आलो तर कुपवाडचे गृहस्थ तपासून घेऊन निघाले होते. ते माझ्यावर चिडले असतील म्हणून मी माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "राहू द्या हो. मी आत जाऊन आधी पाय दाखवले."

परतीच्या गाडीत तात्या खिडकीशी बसले. तासगाव मागे पडलं. तेव्हा मी विचारलं, "एवढं सगळं दिसत होतं, तर मला घरी का नाही बोललात?"

"तुला? तू ऐकतुस व्हय कुणाचं? सवताच्या कामाला तू बगू म्हनतुस. दुसऱ्याचं काम म्हनलं की कागद घिऊन पळतुस."

"म्हणजे तुम्ही सांगलीला यायला तयार झालात ते…"

 बाहेर द्राक्षांच्या बागा मागे जात होत्या. "औंदा माल बरा दिसतुया," ते म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. राणी ओट्यावर होती, आणि तिच्याबरोबर रहिमानभाई आणि कोंडीबा दोघंही हजर होते. माझ्या डोक्यात निवेदन तयार होतं: प्रथम प्रवास, मग नोंदणीतील अडचण, मग तपासणी, शेवटी निष्कर्ष. मुंग्यांचा परिच्छेद वगळायचा, हेही ठरलेलं होतं.

"काय भाऊसाहेब, काय म्हणाल्या मॅडम?" रहिमानभाईंनी विचारलं. "दाखवून आणलं तात्यांना?"

मी बोलायच्या आत तात्या बाजल्यावर टेकले. दम खात, थांबत थांबत म्हणाले, "पोराला दाखवून आणलं. एकटा गेला नसता. पयल्यापासनं असाच हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोंडीबांनी तर लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. चुकीची नोंद मला सहन होत नाही, आणि ती दुरुस्त करायला मी तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात राणीने माझ्या हातातली औषधांची पिशवी घेतली. आतली दोन पाकिटं काढून दोन हातांत धरली, दिव्याकडे करून नावं वाचायचा प्रयत्न केला, आणि तिला अक्षर लागेना.

"यातली तुमची कुठली?" तिने विचारलं.

मी बोट करून माझी दाखवली.